प्रीसीड छोटी ठेवा, बाकीचं नंतर बघू

लिनक्स टाकायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, त्याचं काही विशेष नाही, खरा वेळ जातो तो त्याच्यापुढे. डेस्कटॉप आला, वायफाय लागलं आणि मग एकेक दिसायला लागतं, टर्मिनलचा फॉन्ट भलताच आहे, गिटला (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आपलं नाव-ईमेल माहीत नाही, व्हिम एडिटरमध्ये टॅब आठ स्पेसचा पडतोय, मराठी कीबोर्ड गायब, एसएसएच करायला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) जावं तर सर्व्हरची टोपणनावं नाहीत, आणि तीन-चार वर्षांत आपण थोडं थोडं करून जे काही लावलेलं असतं ते नेमकं काय होतं हेच आठवत नाही. मग पुढचे दोन आठवडे "अरे हे पण राहिलं" करत जातात.

यावर इंटरनेटवर दोन प्रकारचे उपाय सापडतात आणि लोक ते एकत्र करून टाकतात. एक म्हणजे इन्स्टॉलेशनच ऑटोमॅटिक करायचं (त्यासाठी इन्स्टॉलरला जी उत्तरांची फाइल द्यायची तिला डेबियनमध्ये प्रीसीड म्हणतात), म्हणजे पेनड्राइव्ह लावला, चहा प्यायला गेलो, आलो तर मशीन तयार. दुसरा म्हणजे डॉटफाइल्स, आपल्या सगळ्या सेटिंगच्या फाइली गिटमध्ये ठेवायच्या. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, पहिलं काम जितकं कमी करता येईल तितकं कमी करा आणि सगळा जीव दुसऱ्यात ओता. का ते खाली लिहितोय. मी डेबियन ही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एक तयार संच, वापरतो त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

एक आधीच सांगतो, कोड इथे चिकटवत नाहीये. लोक कॉपी-पेस्ट करून चालवतात आणि या फाइलींमध्ये डिस्क पुसणाऱ्या ओळी असतात, तुमच्या डिस्कचं नाव माझ्यासारखं नसेल तर मला शिव्या बसतील. डेबियनच्या इन्स्टॉलेशन गाइडच्या परिशिष्टात पूर्ण नमुना फाइल दिलेली आहे, जागोजागी कॉमेंट आहेत, तीच घ्या.

हे ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशन मुळात घरच्या माणसासाठी बनलेलं नाही हे लक्षात घेतलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. सनच्या सोलारिसला जम्पस्टार्ट होतं, रेड हॅटला किकस्टार्ट आलं, १९९९ मध्ये जर्मनीत कोलोन विद्यापीठात थॉमस लांगेने एफएआय सुरू केलं, त्याचा फुल फॉर्मच फुली ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशन, आणि ते अजून चालू आहे. सगळ्यांची गरज एकच, एका खोलीत पन्नास-शंभर सारखी मशीन्स आहेत आणि त्यांच्यासमोर बसून "नेक्स्ट नेक्स्ट" करायला माणूस नाही. तिथे नेटवर्कवरून बूट होतं, डीएचसीपी मशीनला पत्ता देतं आणि बूटची फाइल कुठे आहे ते सांगतं, टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतुकीच्या पद्धतीने कर्नल (सिस्टिमचा गाभा) येतो, उत्तरांची फाइल येते, आणि माणूस कुठेच येत नाही. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र हे फार दिसलं नाही, आपल्याकडे डिस्कची हुबेहूब नक्कल काढणाऱ्या घोस्टचं राज्य होतं. एक मशीन नीट लावायचं, त्याची इमेज काढायची आणि सगळ्यांवर ओतायची, मग सगळ्या मशीन्सचं नाव एकच, आणि एखाद्या मशीनचा मदरबोर्ड वेगळा निघाला की निळी स्क्रीन. आणि घरी बसून लिनक्स टाकणारे आपण, आपल्याकडे लिनक्स फॉर यू मासिकाबरोबर आलेली सीडी नाहीतर उबुंटूच्या शिपइटवरून फुकट मागवलेली पाकिटं, ती २०११ मध्ये बंद झाली. त्या सीड्यांवर ऑटोमॅटिक वगैरे कोण करतंय, तेव्हा डेस्कटॉप उजळला यातच दिवाळी.

इमेजचा मुद्दा अजून संपलेला नाही बरं का. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने परवा विचारलंच, "मामा, एवढं लिहीत बसण्यापेक्षा क्लोनझिलाने इमेज काढून ठेव ना, तासाभरात सगळं जसंच्या तसं." म्हटलं काढून ठेव, बॅकअप म्हणून छानच आहे. पण इमेजमध्ये निकाल असतो, कारणं नसतात. दोन वर्षांनी त्या इमेजमधल्या ईटीसी या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये एखादी बदललेली ओळ दिसली तर ती आपण का बदलली, कोणत्या ब्लॉगवर वाचून बदलली, आता तिची गरज आहे का, काहीच कळत नाही. आणि नवीन लॅपटॉपवर डेबियनची नवी आवृत्ती टाकायची असेल तर जुनी इमेज काय कामाची? लिहिलेली फाइल असेल तर तिला गिट लॉग असतो, आणि कमिटच्या मेसेजमध्ये निदान "ब्लूटूथ हेडफोन तुटत होता म्हणून" एवढं तरी लिहिलेलं सापडतं.

तर प्रीसीड. डेबियनचा इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो ते सगळे डेबकॉन्फ नावाच्या यंत्रणेतून येतात आणि प्रत्येक प्रश्नाला एक नाव असतं. प्रीसीड फाइल म्हणजे त्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून दिलेली यादी, एका ओळीत चार गोष्टी, प्रश्न कोणाचा, प्रश्नाचं नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर. बस. प्रोग्रामिंग नाही काही नाही. त्यात एक चावट गोष्ट आहे, प्रकार आणि उत्तर यांच्यामध्ये फक्त एकच स्पेस किंवा एकच टॅब चालतो, जास्त दिला तर तो उत्तराचाच भाग धरला जातो. म्हणजे ओळी सुबक दिसाव्यात म्हणून कोणी कॉलम जुळवले तर इन्स्टॉलरला "पुढे एक स्पेस असलेलं नाव" मिळतं आणि तो वेगळंच काहीतरी करतो, आणि एरर मेसेजवरून हे कधीच कळत नाही. फाइल आधी डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्सला चेकचा पर्याय देऊन तपासून घ्यायची, फॉरमॅटच्या ढोबळ चुका तरी तिथेच पकडल्या जातात.

फाइल इन्स्टॉलरपर्यंत पोहोचवायची कशी हा वेगळाच खेळ. आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क-फाइल) डीडी कमांडने पेनड्राइव्हवर लिहिली की ती रीड-ओन्ली असते, तिच्यात फाइल नुसती टाकता येत नाही. एक तर आयएसओ फोडून इनिटआरडीमध्ये (बूट होताना सगळ्यात आधी उघडणारं छोटं फाइलींचं गाठोडं) फाइल घुसवून परत बांधायची, किंवा नेटवर्कवरून द्यायची. नेटवर्कवाल्यात अडचण अशी की भाषा आणि कीबोर्ड हे प्रश्न नेटवर्क लागण्याच्या आधीच येतात, मग फाइल हातात येईपर्यंत उशीर झालेला. त्यासाठी ऑटो नावाचा बूट पर्याय आहे, तो हे प्रश्न थोडे मागे ढकलतो, आणि सोबत प्रायॉरिटी क्रिटिकल ठेवली की बारीकसारीक प्रश्न डिफॉल्ट उत्तर घेऊन निघून जातात. हे टाइप करायचा कंटाळा असेल तर बूट मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑटोमेटेड इन्स्टॉल आहे, तो सरळ फाइलचा यूआरएल विचारतो. मी दुसऱ्या लॅपटॉपवर पायथनचा एका ओळीचा वेब सर्व्हर चालू करतो आणि त्याचा पत्ता देतो, दोन्ही मशीन्स एकाच राउटरला वायरने लावलेली असली की झालं. वायफायवर हे करण्याच्या भानगडीत पडू नका. वायफायचं दुखणं तसं बरंच कमी झालंय म्हणा, २०२२ च्या मतदानानंतर डेबियनने नॉन-फ्री फर्मवेअर (वायफायसारख्या हार्डवेअरला लागणारं, सोर्स खुला नसलेलं सॉफ्टवेअर) अधिकृत आयएसओमध्येच द्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ते आलं, नाहीतर आधी फर्मवेअरसाठी दुसरा पेनड्राइव्ह घेऊन बसायला लागायचं.

आता माझ्या फाइलमध्ये काय आहे ते सांगतो. लोकेल (भाषा आणि प्रदेश) इंग्रजी-भारत, टाइमझोन एशिया कोलकाता, मिरर (पॅकेजेस जिथून उतरतात तो सर्व्हर) डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग, युझरचं नाव, पॅकेजमध्ये ओपनएसएसएच, गिट आणि ॲन्सिबल (मशीन लावून देणारं साधन, पुढे येतंच), आणि टास्कसेल या पॅकेज-गटांच्या यादीत डेस्कटॉप. संपली. दोन प्रश्नांची उत्तरं मी मुद्दामच लिहिलेली नाहीत, डिस्क आणि पासवर्ड. इन्स्टॉलर तिथे येऊन थांबतो आणि मला विचारतो, आणि मला तेच हवंय.

डिस्कचं कारण सरळ आहे. लॅबमध्ये पन्नास मशीन्सना एकच डिस्क आणि आत ठेवण्यासारखं काही नाही, तिथे "सगळं पुसा" हे उत्तर फाइलमध्ये लिहिणं योग्यच. घरी एका मशीनला एनव्हीएमई आहे, दुसऱ्याला साटा, तिसऱ्याला दोन्ही, आणि पेनड्राइव्हवरून बूट केलं की कधीकधी पेनड्राइव्हच पहिली डिस्क म्हणून उभा राहतो. पार्टमनच्या (इन्स्टॉलरचा डिस्कची वाटणी करणारा भाग) कन्फर्मवाल्या तीन-चार ओळी लिहिल्या की इन्स्टॉलर एकही शब्द न बोलता डिस्क साफ करतो, आणि ती फाइल नेटवर्कवर पडलेली असेल तर चुकून दुसऱ्या मशीनवरही. एक प्रश्न हाताने उत्तर द्यायला पाच सेकंद लागतात, ते वाचवून काय मिळवायचंय. पासवर्डचं तसंच, त्याचा हॅश (उलटा न फिरवता येणारं रूप) बनवून फाइलमध्ये टाकता येतो, त्यासाठीची एमके-पासवर्ड ही कमांड डेबियनमध्ये हूइज नावाच्या पॅकेजात बसलेली आहे, का ते विचारू नका, पण हॅश असलेली फाइल साध्या एचटीटीपीवर वाटत फिरायचं मला जमत नाही. डिस्क एनक्रिप्ट करायची असते तेव्हा त्याचा पासफ्रेजही इन्स्टॉलर त्याच ठिकाणी विचारतो, तोही हाताने.

बाकीच्या डिस्ट्रोंचं थोडक्यात. फेडोरा आणि रेड हॅटवाल्यांचा ॲनाकोंडा इन्स्टॉलर फार शहाणा आहे, तुम्ही हाताने इन्स्टॉल केलं तरी शेवटी रूटच्या होममध्ये एक किकस्टार्ट फाइल ठेवून जातो, म्हणजे तुम्ही काय काय उत्तरं दिलीत त्याची नोंद. तीच उचलायची, हवी तशी बदलायची. उबुंटूचा सर्व्हर २०.०४ पासून प्रीसीड सोडून यॅमल या साध्या मजकुराच्या फॉरमॅटवर गेला, त्याला ऑटोइन्स्टॉल म्हणतात, आणि तोही व्हार-लॉग-इन्स्टॉलर फोल्डरमध्ये तुमच्या उत्तरांची फाइल ठेवतो. डेबियनमध्येही इन्स्टॉलरची उत्तरं बाहेर काढायची कमांड आहे पण ती इतका कचरा ओकते की तशीच वापरू नका असं त्यांच्या गाइडमध्येच लिहिलंय. आर्चवाल्यांना २०२१ पासून आयएसओमध्येच आर्चइन्स्टॉल मिळालंय, त्यामुळे "मी आर्च हाताने टाकलं" याचं वजन थोडं कमी झालं, ते वेगळं.

आता प्रीसीड छोटीच का. तिच्या शेवटी लेट कमांड नावाची एक जागा असते, तिथे हवं ते चालवता येतं, आणि बरेच लोक तिथे अख्खं घरदार घालतात, पन्नास पॅकेजेस, रेपो (सॉफ्टवेअरचे साठे), फॉन्ट, सगळं. पहिली अडचण, ती कमांड इन्स्टॉलरमधूनच चालते, नवीन सिस्टिममध्ये काही करायचं तर क्रूटने तिच्या आत शिरून करावं लागतं, आणि तिथे सर्व्हिस सांभाळणारा सिस्टमडी अजून जागा झालेला नसतो, त्यामुळे सर्व्हिस चालू करणारी कुठलीही गोष्ट तिथे नीट चालत नाही. दुसरी अडचण मोठी आहे. तिथे काही चुकलं तर परत बघायला अख्खं इन्स्टॉलेशन परत करावं लागतं. आणि तिसरी सगळ्यात मोठी, ही फाइल तीन वर्षांतून एकदा चालते, आणि तीन वर्षांत खालची जमीन हललेली असते.

बघा ना काय काय हललं ते. पूर्वी बाहेरचा रेपो जोडायचा म्हणजे कर्लने त्याच्या सहीची की (चावी) आणून ॲप्ट-की या कमांडला पाइप करायची, प्रत्येक ट्युटोरियलमध्ये हीच ओळ, आता ॲप्ट-की मोडीत काढली आणि प्रत्येक रेपोची की वेगळ्या फाइलमध्ये ठेवून साइन्ड-बाय लिहावं लागतं. बुकवर्ममध्ये फर्मवेअरसाठी नॉन-फ्री-फर्मवेअर हा वेगळाच विभाग झाला, सोर्सेस लिस्ट स्वतः लिहिणाऱ्या जुन्या स्क्रिप्टला तो माहीतच नाही, मग नवीन फर्मवेअर येत नाही आणि कुठे एररही दिसत नाही. आणि त्याच बुकवर्ममध्ये सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप इन्स्टॉल करायला गेलं की "हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून मॅनेज होतंय" म्हणून तोंडावर दार बंद, व्हेन्व (पायथनचं वेगळं फोल्डर) बनवा नाहीतर पिपएक्स वापरा. २०२१ मध्ये लिहिलेली कुठलीही सेटअप स्क्रिप्ट यातल्या एका तरी ठिकाणी आपटणारच. जी स्क्रिप्ट तुम्ही दर महिन्याला चालू मशीनवर चालवता ती आपटली की तिथल्या तिथे दुरुस्त होते, आणि जी फक्त नवीन लॅपटॉप आल्यावर चालते ती नवीन लॅपटॉप आल्यावरच आपटते, म्हणजे नेमकं जेव्हा तुमच्याकडे काम अडलेलं असतं तेव्हा.

म्हणून मधला थर. प्रीसीडने फक्त गिट आणि ॲन्सिबल आणून दिलं, पहिल्यांदा लॉगिन केलं की ॲन्सिबल-पुल चालवायचं, ते आपला गिट रेपो उतरवतं आणि त्यातली प्लेबुक (कामांची यादी) त्याच मशीनवर चालवतं. ॲन्सिबल म्हटलं की लोकांना सर्व्हरचे ताफे आठवतात पण एका लॅपटॉपवरही ते मस्त चालतं, कारण त्यात "हे कर" असं न लिहिता "हे असं असलं पाहिजे" असं लिहायचं असतं, आधीच तसं असेल तर ते हात लावत नाही. त्यामुळे तीच प्लेबुक कितीही वेळा चालवा. माझी चाचणी अशी, लागोपाठ दोनदा चालवायची, दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीत चेंज्ड समोर शून्य आलं पाहिजे. शून्य नसेल तर कुठलीतरी टास्क दरवेळी उगाच काहीतरी लिहितेय, बहुतेक कोणीतरी शेल मॉड्यूलमध्ये साधी कमांड कोंबलेली असते.

ॲन्सिबल शिकायचं नसेल तर नका शिकू. एकच मशीन असेल तर ॲप्टची यादी आणि चार ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. यादी कशी काढायची, ॲप्ट-मार्कला शोमॅन्युअल म्हणून विचारा, तुम्ही स्वतः मागितलेली पॅकेजेस ते सांगतं, त्यांच्या मागून आलेली वगळून. इन्स्टॉलरने आणलेली पण त्यात दिसतात, ती चाळून काढायची. ती यादी बघितली की मजा वाटते, निम्मी पॅकेजेस कशासाठी टाकली होती याचा पत्ता नसतो.

आता खरी गंमत, डॉटफाइल्स. फाइलच्या नावापुढे टिंब लावलं की ती लपते हे कोणी ठरवून केलेलं नाही. रॉब पाइकने २०१२ मध्ये हे लिहिलं होतं, युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत एका टिंबाची आणि दोन टिंबांची डिरेक्टरी एलएसमध्ये दिसू नये म्हणून कोणीतरी "पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे" अशी शॉर्टकट तपासणी लिहिली, आणि त्यामुळे टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल लपायला लागली. मग लोकांनी तिथे सेटिंग कोंबायला सुरुवात केली. एका आळसामुळे आज आपल्या सगळ्यांच्या होममध्ये हा पसारा आहे. नंतर कुठली फाइल कुठे ठेवायची याचं एक्सडीजी नावाचं स्पेसिफिकेशन आलं, सेटिंग डॉट-कॉन्फिगमध्ये, डेटा डॉट-लोकल-शेअरमध्ये, कॅश डॉट-कॅशमध्ये, बरेच प्रोग्राम ऐकतात, काही हट्टी अजून होमच्या अंगणातच पथारी टाकतात.

पहिला नियम, अख्खं डॉट-कॉन्फिग गिटमध्ये टाकू नका. तिथे ब्राउझरचं प्रोफाइल असतं, कुकीज असतात, खिडकी शेवटी कुठे उघडली होती त्याचे आकडे असतात, प्रत्येक कमिटमध्ये हाच कचरा. तुम्ही हाताने लिहिलेली फाइल असेल तरच ती आत. बॅशआरसी, व्हिमआरसी, गिटकॉन्फिग, टीमक्स, एसएसएचची कॉन्फिग फाइल, फॉन्टकॉन्फिग, एवढंच. केडीई डेस्कटॉपची इथे पंचाईत आहे कारण त्यांच्या कित्येक फाइलींत आपली सेटिंग आणि खिडक्यांचे आकार शेजारी शेजारी बसलेले असतात. ग्नोम डेस्कटॉपची सेटिंग बायनरी डेटाबेसमध्ये असते पण डीकॉन्फ डम्प केलं की साधी टेक्स्ट फाइल मिळते आणि लोड केलं की परत आत जाते, फक्त सगळं डम्प करू नका, कीबोर्ड, शॉर्टकट, टर्मिनल असे हवे तेवढेच तुकडे घ्या.

ठेवायची पद्धत कुठली यावर लोक भांडतात. बेअर रेपोवाली पद्धत आहे, गिटची डिरेक्टरी एका लपलेल्या फोल्डरमध्ये आणि वर्क-ट्री (गिट ज्या फाइलींवर नजर ठेवतं ती जागा) म्हणजे अख्खं होम, वर एक एलियस (कमांडचं टोपणनाव), आणि अनट्रॅक्ड फाइली दाखवू नकोस असं सेटिंग. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही हा फायदा, पण चुकून "ॲड डॉट" मारलं की होममधलं सगळं आत. मी स्टो वापरतो, १९९३ पासूनचं पर्ल प्रोग्राम, ते फक्त सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक) बनवतं, दुसरं काही नाही. रेपोमध्ये व्हिम, बॅश, गिट अशी फोल्डर्स, आणि स्टो व्हिम म्हटलं की त्या फोल्डरमधल्या फाइलींच्या लिंक होममध्ये. यात दोन गोष्टी कोणीच आधी सांगत नाही. एक, समोर फोल्डर नसेल तर स्टो अख्ख्या फोल्डरचीच लिंक करतं, मग तो प्रोग्राम त्या फोल्डरमध्ये जे काही लिहील ते थेट तुमच्या रेपोत, म्हणून नो-फोल्डिंगचा पर्याय नेहमी द्यायचा. दोन, अडॉप्ट म्हणून एक पर्याय आहे, समोर खरी फाइल आधीच असेल तर ती उचलून रेपोत आणतो आणि रेपोतली जुनी प्रत पुसली जाते. ऐकायला भयंकर वाटतं पण आधी सगळं कमिट करून ठेवलं असेल तर फार सोयीचं, गिट डिफ बघायचा, मशीनवर काय वेगळं होतं ते दिसतं, नको असेल ते परत फिरवायचं.

तिसरी पद्धत शेमवा, सर्च करायला सी-एच-ई-झेड-एम-ओ-आय. गो मध्ये लिहिलेलं एकच बायनरी. हे लिंक करत नाही, खऱ्या फाइली लिहितं, त्यामुळे जे प्रोग्राम सेव्ह करताना नवी फाइल बनवून जुनीवर ठेवतात आणि सिमलिंक तोडतात त्यांच्याशी याचं भांडण होत नाही. टेम्प्लेट आहेत, एज या साधनाने एनक्रिप्शन आहे, एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्ट आहेत. चारपाच मशीन्स, त्यात एखादं मॅक, असं असेल तर हेच घ्या. मला टेम्प्लेटमध्ये लिहिलेली बॅशआरसी वाचायला त्रास होतो एवढंच, आणि ऑफिसचं वेगळं घरचं वेगळं याच्यासाठी टेम्प्लेट लागतातच असं नाही. गिटमध्ये २०१७ पासून इन्क्लूड-इफ आहे, अमुक फोल्डरच्या खाली असलो तर ही दुसरी कॉन्फिग वाच, त्यात ऑफिसचा ईमेल. एसएसएचला इन्क्लूड आहे. बॅशआरसीच्या शेवटी "लोकल नावाची फाइल असेल तर ती वाच" एवढी एक ओळ, आणि ती लोकल फाइल रेपोत नाही. ऑफिसच्या सर्व्हरची नावं त्यामुळे आपोआप बाहेर राहतात, तेही बरंच.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक तुकडा वेगळा लिहितो कारण हा कुठल्याच इंग्रजी डॉटफाइल रेपोत मिळत नाही. एक्सकेबीमध्ये (लिनक्सची कीबोर्ड-व्यवस्था) भारताच्या लेआउटखाली मराठीचा कगप फोनेटिक व्हेरियंट आहे, नाव एमएआर-केएजीएपीए. डेबियनमध्ये ईटीसी-डिफॉल्ट-कीबोर्ड या फाइलमध्ये लेआउट यूएस आणि आयएन, व्हेरियंटमध्ये पहिला रिकामा आणि दुसरा हा, आणि बदलायला ऑल्ट-शिफ्ट, एवढं ॲन्सिबलने लिहिलं की लॉगिन स्क्रीनपासून मराठी चालतं. ग्नोम मात्र स्वतःची इनपुट सोर्सची यादी डीकॉन्फमध्ये ठेवतो, तिथेही ते लिहावं लागतं, नाहीतर लॉगिनपर्यंत मराठी आणि आत गेल्यावर गायब. इन्स्क्रिप्टवाल्यांना किंवा रोमन अक्षरांवरून लिहिणाऱ्यांना आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं. फॉन्टसाठी फॉन्टकॉन्फिगची छोटी फाइल होममध्येच, देवनागरीसाठी कुठला फॉन्ट आधी घ्यायचा ते, नाहीतर मशीनवर जो पहिला सापडेल तो लागतो आणि मजकुरात हिंदी वळणाचा ल आणि श येतो, तो डोळ्याला खुपतो. लोकेल इंग्रजी-भारत ठेवण्याचा एक फायदा, आकड्यांचे स्वल्पविराम लाख-कोटीच्या हिशोबाने पडतात. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटतात त्याला माझ्याकडे कॉन्फिगमधून उपाय नाही, टर्मिनल बदलून बघा.

चाव्या आणि टोकन (पासवर्डच्या जागी चालणारे कोड). एसएसएचची प्रायव्हेट की रेपोत नाही म्हणजे नाही, रेपो प्रायव्हेट असला तरी नाही. प्रत्येक मशीनवर नवीन की बनवायची आणि पब्लिक की जिथे हवी तिथे चढवायची, जुनं मशीन विकलं की त्याची की काढून टाकायची, हे उलट सोपं पडतं. एखादं टोकन चुकून पुश झालं असेल तर पुढच्या कमिटमध्ये ते खोडून उपयोग नाही, हिस्ट्रीत ते राहतंच, टोकनच रद्द करायचं. बॅशची हिस्ट्री फाइल कोणीतरी रेपोत टाकलेली दिसते अधूनमधून, त्यात पासवर्ड कसे टाइप झालेले असतात ते बघून घाम फुटतो.

तपासायला खरं मशीन लागत नाही. व्हर्च्युअल मशीन बनवणाऱ्या व्हर्ट-इन्स्टॉलला इनिटआरडी-इंजेक्ट हा पर्याय आहे, तो प्रीसीड फाइल सरळ इन्स्टॉलरच्या इनिटआरडीत घालतो, आयएसओ फोडायची कटकट नाही, वेब सर्व्हर नको. इन्स्टॉल झालं की स्नॅपशॉट काढायचा आणि पुढचं प्लेबुक त्या स्नॅपशॉटवर हवं तितक्या वेळा मोडायचं. नवीन डेबियन स्टेबल आलं की मी हे करतो, त्यात काय काय तुटलंय ते चालू लॅपटॉपला हात न लावता कळतं.

आणि हो, निक्सओएसवाले येतीलच, तर त्यांच्यासाठी. मान्य. एल्को डोल्स्ट्राचं निक्स २००३ चं आहे आणि हा सगळा खटाटोप ज्या गोष्टीसाठी चाललाय ती त्यांनी मुळातूनच केली, एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये अख्खी सिस्टिम, बिघडलं तर बूट मेनूतून मागच्या जनरेशनला परत, डॉटफाइलसाठी होम मॅनेजर. माझ्या प्रीसीड, ॲन्सिबल आणि स्टो या तीन थरांच्या जागी तिथे एकच. पण त्यासाठी त्यांची भाषा शिकावी लागते, आणि बाहेरून उतरवलेलं साधं तयार बायनरी तिथे सरळ चालत नाही कारण नेहमीच्या जागी लायब्ररीच नसतात. मला क्लायंटकडून आलेलं कुठलंही विचित्र बायनरी दोन मिनिटांत चालवून बघायला लागतं, म्हणून डेबियन. ज्यांना तसं लागत नाही त्यांनी खुशाल जावं.

ज्यांच्याकडे एकच लॅपटॉप आहे आणि तो चार वर्षांनी बदलणार आहे त्यांनी प्रीसीडच्या नादालाच लागू नका. इन्स्टॉलर हाताने चालवा, काही बिघडत नाही. गिटमध्ये बॅशआरसी आणि गिटकॉन्फिग टाकून सुरुवात करा, आज संध्याकाळी होईल. फोटो, कागदपत्रं हे यात कुठेच येत नाही हेही लक्षात ठेवा, त्याच्यासाठी बोर्ग किंवा रेस्टिक ही बॅकअपची साधनं, वेगळ्या डिस्कवर, ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यावर वेगळं लिहीन. माझ्याकडे अजून हाताने होणाऱ्या गोष्टी म्हणजे ब्राउझरमधले लॉगिन, बँकेच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर, फायरफॉक्सची एक्स्टेन्शन्स मात्र पॉलिसीज डॉट जेसन या फाइलने आपोआप बसतात, तिचं टास्क प्लेबुकमध्ये टाकून झालंय. प्रिंटरचं कोणाकडे चालणारं प्लेबुक असेल तर कॉमेंटमध्ये टाका.